गुहेत पांडव कोणी आणून बसवले?

हिवाळा लागला की अमरावती आणि अकोल्याहून रविवारी सकाळी क्रूझर, मिनीबस भरून लोक सातपुड्याकडे निघतात. पूर्वी ही मंडळी चिखलदऱ्याला जाऊन, पंचबोल पॉईंटवर आरोळ्या ठोकून, रबडी खाऊन संध्याकाळी परतत. अलीकडे त्यात आदिमानवाच्या चित्रगुहांची भर पडली आहे. ‘माहितगार मार्गदर्शकासह’ असे सहलीच्या जाहिरातीत आवर्जून लिहिलेले असते. प्रश्न त्या माहितगाराचाच आहे. तो कोण, त्याला माहिती कोणी दिली आणि गुहेसमोर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या डोक्यात तो काय घालून परत पाठवतो, हे बहुजन समाजाने तपासून पाहिले पाहिजे.

आधी वस्तुस्थिती. मोर्शी तालुक्यातील धारूळ गावाच्या उत्तरेला महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशाचा बैतुल जिल्हा सुरू होतो. तेथील डोंगरात २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना खडकावर काढलेली प्राचीन चित्रे आढळली. ही मंडळी पुरातत्त्व खात्याची नोकर नव्हती. सुटीच्या दिवशी जंगल तुडवणारी माणसे होती. पुढे कित्येक वर्षे ते त्याच डोंगरात फिरत राहिले आणि एकामागून एक चित्रगुहा उजेडात आणत गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या लोकांनी तेथे पाहणी केली ती नंतर. जवळच्या अंबादेवीच्या स्थानावरून या समूहाला अंबादेवीच्या चित्रगुहा असे नाव पडले. लाल गेरूने आणि पांढऱ्या रंगाने काढलेले प्राणी, माणसे, काही ठिकाणी खडकावर खोदलेल्या खुणा असा हा ऐवज आहे.

आपल्याकडे डोंगरातील कोणत्याही पोकळीला लोक सरसकट लेणी म्हणतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अकोला जिल्ह्यातील पातूरच्या लेण्या माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरल्या आहेत. धारूळकडच्या गुहा कोणी कोरलेल्या नाहीत. वऱ्हाडाचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, पण या पट्ट्यात वालुकाश्म उघडा पडला आहे. तो वारा-पावसाने झिजतो, त्याला कपारी पडतात आणि पुढे आलेल्या खडकाखाली आपोआप छप्पर तयार होते. अभ्यासक त्याला शैलाश्रय म्हणतात. उन्हापावसापासून आडोसा मिळाला म्हणून माणूस तेथे थांबला आणि थांबला तेव्हा त्याने भिंत रंगवली.

मागील हिवाळ्यात मी अशा एका सहलीत गेलो होतो. सोबत शिक्षक होते, बँकेतील कर्मचारी होते, दोन डॉक्टर कुटुंबे होती आणि आमच्या चळवळीतील तीन-चार कार्यकर्तेही होते. मार्गदर्शक पायथ्याच्या गावचा, विशी-बाविशीतला तरुण. पहिल्याच चित्रापुढे उभे राहून तो म्हणाला, “अठी पांडव राह्यले होते साहेब वनवासात. हे चित्रं द्रौपदीनं काढेल हायेत.” कोणी हसले नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. एका शिक्षिकेने तर ते वहीत लिहून घेतले. सोमवारी ते वर्गात गेले असणार.

मग त्याने पाण्याची बाटली उघडली आणि चित्र उठून दिसावे म्हणून खडकावर पाणी मारले. पटापट मोबाईल निघाले. ओल्या दगडावर गेरूचा रंग क्षणभर खुलतो हे खरे. पण पाणी वाळताना खडकातील क्षार वर आणते, त्याची पांढरी पुटे चित्रावर चढतात आणि रंगाचे कण सुटू लागतात. हजारो वर्षे जे टिकले ते दर रविवारी एक बाटली या हिशेबाने किती दिवस टिकेल?

त्या तरुणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तो जे बोलला ते त्याच्या पदरचे नव्हते. आपल्या जिल्ह्याचा सगळा पर्यटन नकाशाच महाकाव्यांतून काढलेला आहे. चिखलदरा कशावरून, तर भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले म्हणून कीचकदरा. तेथे भीमकुंड आहेच. अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर सांगितले जाते ते रुक्मिणीहरणासाठी आणि वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून. या कौंडण्यपुरात १९६० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले होते. त्यात लोखंड वापरणाऱ्या महापाषाणकालीन लोकांपासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. आज तेथे जाणाऱ्या शंभर माणसांना विचारा, रुक्मिणी शंभरही जणांना ठाऊक असते. उत्खनन झाल्याचे दोघांना ठाऊक असले तरी मी समाधान मानीन. चांदूरबाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे १९८४-८५ मध्ये पुरातत्त्व विभागाने ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती खणून काढली. तेथे ना देव चिकटवता आला ना राजा, म्हणून तेथे कोणाची सहलही जात नाही.

चळवळीच्या वाचकाला ही युक्ती नवी नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर सातवाहन राजांचे शिलालेख स्वच्छ वाचता येतात, भिक्खूसंघाला दिलेल्या दानांची नोंद दगडावर आहे, तरी फलक आणि रिक्षावाला दोघेही ‘पांडवलेणी’च म्हणतात. जेथे लेख आहे तेथे ही गत, मग जेथे चित्र काढणाऱ्याला लिपीच नव्हती तेथे कोण अडवणार?

मी वकिली करतो. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हा नियम तोच राहिला. आता पांडवांची केस या नियमाने तपासू. महाभारत हा ग्रंथ ज्या काळात रचला आणि वाढवला गेला तो काळ अभ्यासकांच्या मते साधारण इसवी सनापूर्वी ४०० ते इसवी सन ४०० असा आहे. अशा शैलाश्रयांतील शिकारी माणसांची चित्रे त्याच्या कित्येक हजार वर्षे आधीची मानली जातात. ज्यांनी ती काढली त्यांच्याजवळ राज्य नव्हते, रथ नव्हता, वनवासाला पाठवणारा हस्तिनापूरचा दरबार नव्हता. वर्ण नव्हते, म्हणून द्रोणाचार्यही नव्हता आणि एकलव्याचा अंगठाही शाबूत होता.

पण हाच नियम आपल्यालाही लागू आहे, आणि येथे मला आमच्याच कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. त्या दिवशी मार्गदर्शकाचे पांडवपुराण संपल्यावर आमच्यातील एक भाऊ आवेशाने पुढे आले आणि म्हणाले की पांडव वगैरे सगळे खोटे, हे मुळात बुद्धविहार आहे. दुसरे म्हणाले, हे नागवंशी मूलनिवासींचे काम, म्हणजे आपल्याच रक्ताच्या पूर्वजांचे. टाळ्याही पडल्या. भावना मी समजू शकतो. ज्याचा इतिहास चोरीला गेला त्याला प्रत्येक जुन्या दगडात आपले घर दिसते. परंतु तथागत होऊन गेले त्याला अडीच हजार वर्षे झाली. गुहेतील शिकाऱ्यांच्या चित्रांना पांडव जितके दूर तितकाच विहारही दूर. लबाडी ओळखण्यासाठी वापरलेली फुटपट्टी आपल्या दाव्यापाशी येताच खिशात घालायची, हे कोर्टात चालत नाही.

रक्ताच्या दाव्याबाबत तर बाबासाहेबांचे मत स्वच्छ आहे. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून, अस्पृश्यता वंशभेदातून जन्मली हे म्हणणे त्यांनी फेटाळले. १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धतही सांगितली आहे. पवित्र आणि अपवित्र असा भेद न करता सर्व वाङ्मय पुराव्याच्या मान्य नियमांनी पारखायचे, ही ती पद्धत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या संशोधनानेही भारतातील बहुतेक सगळे समाज अनेक प्रवाहांच्या मिश्रणातून घडले असेच दाखवले. मग धारूळच्या चित्रकाराचा सातबारा कोणा एका समाजाच्या नावावर कसा चढेल? त्याच डोंगरपट्ट्यात आज राहणारे कोरकू आणि गोंड हेच त्या चित्रकारांचे थेट वंशज, असे म्हणणेही तपासाशिवाय मान्य करता येणार नाही.

आता वयाचा प्रश्न. सहलीत आम्हाला कधी २५ हजार, कधी ३५ हजार असे आकडे ऐकवले गेले. आकडा मोठा असला की छाती फुगते. पण गेरू हे लोहयुक्त खनिज आहे. कार्बन पद्धतीने वय काढायचे तर कोळसा, हाड, लाकूड असे एकेकाळी सजीव असलेले काही लागते. त्यामुळे गेरूच्या चित्राचे वय सरळ मोजता येत नाही. चित्रावर चढलेल्या चुन्याच्या थराचे वय काढावे लागते, किंवा खालच्या मातीतील हत्यारांशी आणि एकावर एक काढलेल्या चित्रांच्या क्रमाशी ताळा जुळवावा लागतो. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर चुन्याच्या थरावरून एका चित्राचे वय किमान ५१ हजार २०० वर्षे असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, ते अशा मोजणीनंतर. शिवाय एका गुहेतील सगळी चित्रे एकाच काळातील नसतात. भीमबेटकाला घोडेस्वारांची चित्रे आहेत, ती ऐतिहासिक काळातील आहेत.

ठोस पुरावा कसा असतो ते पाहायचे तर लांब जायला नको. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे मिळाले. कवच हा सजीवाचा अवशेष, त्यामुळे त्याचे वय काढता आले. ते सुमारे २५ हजार वर्षे भरले. आपल्या महाराष्ट्रात शहामृग धावत होते आणि माणूस त्याच्या अंड्यावर नक्षी काढत होता, ही गोष्ट द्रौपदीच्या कुंचल्यापेक्षा कमी रंजक आहे काय? पण ती एकाही सहलीत सांगितलेली मी ऐकली नाही.

शास्त्रज्ञही चुकतात, मात्र त्यांची चूक पकडता येते. मध्य प्रदेशातील भीमबेटका १९५७ मध्ये डॉ. वि. श्री. वाकणकरांनी जगापुढे आणले आणि २००३ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले. २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेच्या निमित्ताने आलेले विदेशी शास्त्रज्ञ तेथे सहलीला गेले असता त्यांना छताजवळ एक आकृती दिसली. ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म असल्याचे २०२१ मध्ये त्यांनी छापले. जगभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जागेवर जाऊन दाखवून दिले की तो मधमाश्यांच्या पोळ्याचा उरलेला डाग आहे, आणि मूळ संशोधकाने ते मान्य केले. भीमबेटका हे नाव भीमाच्या बैठकीवरून पडले म्हणतात. त्या बैठकीची अशी फेरतपासणी कोणी केलेली मला माहीत नाही.

यात राजकारण नाही, असे कोणी समजू नये. तामिळनाडूतील कीळडी उत्खननाचा अहवाल के. अमरनाथ रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये सादर केला. मे २०२५ मध्ये केंद्राच्या पुरातत्त्व विभागाने कालनिश्चितीसह दुरुस्त्या करून तो परत द्यायला सांगितले. त्यांनी आपले निष्कर्ष बदलायला नकार दिला आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली. तेथे निदान सरकार, पक्ष, वृत्तपत्रे सगळे भांडले. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात पूर्णाकाठच्या भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले, ते जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात आले, आणि ओरड केली ती मूठभर बौद्ध कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी. वऱ्हाडातील गावोगावच्या पांढऱ्या आणि गढ्यांची माती तर घरे सारवायला आणि वावरात टाकायला ट्रॉलीने जाते. त्या मातीत काय गेले याचा पंचनामा होत नाही.

गर्दीने जागा कशी मरते याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. लास्कोची चित्रगुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरू लागले, म्हणून १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. १९८३ पासून लोक शेजारची हुबेहूब प्रतिकृती पाहतात. आपल्या गुहा उघड्यावरच्या असल्याने तसा श्वासाचा धोका कमी, पण कोळशाने लिहिलेली प्रेमिकांची नावे, शेंदूर, अगरबत्तीचा धूर आणि ती पाण्याची बाटली पुरेशी आहे.

कायदा काय म्हणतो? संविधानाचे कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्थळे जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. कलम ५१ क मध्ये संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि वैज्ञानिक दृष्टी वाढवणे ही नागरिकांची कर्तव्ये म्हणून एकाच यादीत आहेत. मार्गदर्शकाच्या तोंडच्या कथेचा प्रश्न या दुसऱ्या कर्तव्याशी येऊन भिडतो. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण हे कलम लागते ते अधिसूचना निघालेल्या स्मारकाला. अधिसूचना नाही तोवर या कायद्यापुढे चित्र आणि बोडका दगड सारखेच. त्यातून धारूळच्या बाबतीत पर्यटक महाराष्ट्राचे आणि डोंगर मध्य प्रदेशाचा, तेव्हा दोन्ही राज्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय आयतीच आहे.

माझ्या मते खरी किल्ली २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम ५ नुसार आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाची हानी रोखण्याचा अधिकार वनहक्कधारकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला दिलेला आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून जंगल राखून दाखवले आहे. जे गाव जंगल राखते ते चित्रेही राखू शकते. कोकणात सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी अशीच सरकारी खात्याबाहेर राहून कातळशिल्पे शोधली, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

त्या तरुण मार्गदर्शकाकडे पुन्हा येतो. दुपारी जेवणाच्या वेळी बाकीचे सावलीत पसरले असताना मी त्याला विचारले की पांडव राहू दे बाजूला, पण माणूस नेमका याच कपारीत का राहिला असेल? तो क्षणभरही थांबला नाही. खालच्या नाल्यात भर उन्हाळ्यात पाणी कोठे टिकते ते त्याने दाखवले, तेथे कोणती जनावरे कोणत्या वाटेने येतात ते सांगितले, मोहाची झाडे आणि आग्या मोहळाचा कडा दाखवला. “पान्याशिवाय कोन राहीन बाप्पा? अन् अठून खालचं सारं दिसते, वरतं कोनाले दिसत नाही,” असे म्हणाला. पुरातत्त्वाचा प्राध्यापक वर्गात याहून वेगळे काय शिकवतो? हे तू लोकांना का सांगत नाहीस म्हटल्यावर तो हसला. लोकांना पांडवच पाहिजे असतात, असे त्याचे म्हणणे. माणशी बाराशे रुपये घेणाऱ्या त्या सहलीत त्याला दिवसाचे तीनशे मिळत होते आणि प्रशिक्षण एका तासाचेही मिळालेले नव्हते.

त्याला एक आठवड्याचे प्रशिक्षण, ओळखपत्र, ठरलेली मजुरी आणि चार पानांची मराठी-कोरकू पुस्तिका द्यायला कोणते मोठे बजेट लागते? अमरावती विद्यापीठात, नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयांत शिकवू शकणारी माणसे आहेत. पुस्तिकेत ‘असे मानतात’ आणि ‘असे सिद्ध झाले आहे’ हे दोन रकाने वेगळे छापावेत, आणि पांडवांची कथाही पहिल्या रकान्यात खुशाल द्यावी. लोककथा म्हणून तिला माझी हरकत नाही.

आम्ही काही वकील मित्रांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्जाचा मसुदा केला आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कोणत्या प्रागैतिहासिक स्थळांची संरक्षित म्हणून अधिसूचना निघाली आहे, कोणते प्रस्ताव प्रलंबित आहेत, आणि तेथे मार्गदर्शक नेमण्याचे काही नियम आहेत काय, एवढेच प्रश्न आहेत. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून कोणीही तो आपल्या नावाने टाकू शकतो. बैतुलसाठी वेगळा अर्ज हिंदीत लिहावा लागेल. मोर्शी, चांदूरबाजार, पातूर आणि अकोटच्या कार्यकर्त्यांनी मसुद्याची प्रत अमरावतीच्या जिल्हा न्यायालयाच्या बाररूममधून घेऊन जावी.